बरडावरची सीताफळं

“बाकीचं राहू द्या. हौसाकाकूची भिक्षा तुम्ही घेणार का न्हाई, तेवढं सांगा आक्का.”

आक्का झोळी शिवत होती. तिनं सुई उजेडाकडं धरली, दोरा ओवायला गेली, चुकली.

“ओवून दे.”

बंकटनं दोरा ओवून दिला. राग नाकाच्या शेंड्यावर होता, तरी ओवून दिला. माणूस मुळात वाईट नव्हता. वाईट माणूस असा तणतणत डोंगर चढून येत नाही. तो घरी बसून डाव टाकतो.

बालाघाटाच्या उतारावर तांबेवाडी आहे. गावाच्या वरच्या अंगाला महानुभावांचा एकखणी मठ, आणि मठात एकटी आक्का. तिचे गुडघे गेले तेव्हापासून दारोदार भिक्षेला जाणं संपलं. हौसाकाकूचं घर मठाच्या वाटेवरच आहे. ती रोज सकाळी भाकरी आणून वाढते. वाढ म्हणून तिला कुणी सांगितलेलं नाही.

त्याच हौसाकाकूला गावानं वाळीत टाकलं होतं. तोंडानं तसं कुणी म्हणत नव्हतं, कारण कायद्यात बसत नाही. नुसतं तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या घरचं काही घ्यायचं नाही, आणि तिचा माल गावच्या टेम्पोत चढवायचा नाही. जो घेईल, जो चढवील, तोही वाळीत.

हे ठरवलं बंकटनं. बागवाल्यांच्या गटाचा तो अध्यक्ष. टेम्पोची किल्ली त्याच्याच खिशात असायची.

“तिनं केलं तरी काय?” आक्कानं विचारलं.

“अख्ख्या गावाला माहीत हाय.”

“मी गावात उतरत नाही.”

बंकट मांडी घालून बसला.

“दरसाली काय होतं? दसऱ्याच्या सुमाराला सीताफळं येतात. सगळ्यांची एकदमच. व्यापारी बांधावर मोटरसायकल लावतो, पाय पसरून बसतो, आन् तोंडाला येईल तो भाव बोलतो. त्याला ठाऊक असतं, ह्यांचा माल थांबत न्हाई. त्यो थांबू शकतो, आम्ही थांबू शकत न्हाई. तिकडं हैदराबादेत त्याच फळाला सोन्याचा भाव, आन् इथं बांधावर मातीमोल!”

“खरंय तुझं.”

बंकट अडखळला. आक्का वाद घालील म्हणून तो वाटेनं उत्तरं जुळवत आला होता. ती सगळी वाया गेली.

“म्हणून तर गाव एक केलं आक्का. चपला झिजवल्या. एकेकाच्या पाया पडलो. म्हणलं, येत्या सोमवारपर्यंत कुणीच तोडायचं न्हाई. बांधावर एक फळ दिसायचं न्हाई. मग बघू व्यापारी कसा भाव चढवत न्हाई. आन् चढवत होता! फोन यायला लागले होते मला. माझ्या बापाच्या जन्मात कुणी भाव विचारायला फोन केला न्हवता.”

“मग?”

“मग ह्या बाईनं सोमवारच्या आधीच आपल्या बांधावर क्रेट भरून दिले त्याला. पडत्या भावात! त्यो तसाच गावात आला, आन् माझ्याकडं बघून हसला. बोलला न्हाई काही... नुसता हसला.”

आवाज चिरकला त्याचा. दुखत होतं ते तिथं. पडलेला भाव माणूस पुढच्या हंगामात विसरतो. चारचौघांत कुणी हसलेलं विसरत नाही.

“दुसऱ्या दिवशी झालं सगळं,” तो म्हणाला. “ज्यानं त्यानं तोडायला सुरुवात केली. मिळंल त्या भावाला विकलं.”

“त्यांनाही टाकलं का वाळीत?”

“सगळं गाव कसं टाकणार आक्का?”

“हो... ते खरं.”

आक्कानं टाका घातला. मग दुसरा.

बंकटला शांतता सोसत नसे. पुढाऱ्यांना सोसत नाहीच.

“तुम्हाला वाटतं, ह्या बंकटला काय कळतंय. पण मी ट्रेनिंगला गेलो होतो. तिथं साहेबांनी पडद्यावर दाखवलं. हे सीताफळ मूळचं आपलं न्हाईच. वेस्ट इंडीज हाय ना, क्रिकेटवाले, त्या बेटांवरचं हे. समुद्रापलीकडून आलंय.”

“आता परत पाठवायचं म्हणतोस?”

“चेष्टा नका करू. तिकडचे शेतकरीबी आपल्यासारखेच मरतात. हंगाम आला की माल बदाबदा येतो, बांधावरचा भाव पडतो. हंगाम सरला की भाव चढतो, तवा ह्यांच्या झाडाला पानंसुद्धा नसतात. साहेबांनी रेघ काढून दाखवली. माल वर, भाव खाली. भाव वर, माल खाली. जगात सगळीकडं हेच.”

“तिकडंही असंल मग एखादी हौसा.”

“असंल.”

“तिला कोण टाकतं वाळीत?”

बंकट उठला, दाराबाहेर ठेवलेली पाटी आत आणली. पाटीत कडुनिंबाचा पाला, पाल्यावर सीताफळं. हाताएवढी एकेक. त्याच्या मळ्यातली.

“हे मठाला. तुम्ही न्हाई म्हणा, हो म्हणा. हे वेगळं.”

“ठेव. आज पोट बरं नाही. परवा खाईन.”

“परवा? आक्का, तोडून ठेवलेली हायत. उद्या मऊ पडतील. परवा काळी.”

“थांबायला सांग.”

“कुणाला?”

“त्यांना.”

आक्कानं पाटी दोन्ही हातांनी त्याच्यापुढं सरकवली.

“सांग की. तुझ्या शब्दावर अख्खं गाव थांबलं म्हणे.”

बंकट हसला. आक्का हसली नाही. ती वाट बघत बसली, तो खरंच फळांना काहीतरी सांगणार आहे आणि आपल्याला ऐकायचं आहे अशी. त्याचं हसू ओठांवरच वाळलं.

“फळ थांबत न्हाई हे मला नका शिकवू,” तो हळू म्हणाला. “जल्म गेला माझा ह्यात. मुदत धरूनच सोमवार ठरवला होता.”

“कुणाच्या फळाची मुदत?”

“गावाच्या.”

“गावाला कुठं फळ लागतं?”

बंकटनं मान खाली घातली. त्याचा मळा खाली, काळ्या रानात, विहिरीच्या पाण्यावर. हौसाकाकूची झाडं वर बरडावर, दगडातून उगवलेली. दिवसभर दगड तापतो, रात्रीही ऊब सोडत नाही. तिथलं फळ लहान राहतं, पण त्याचे डोळे आधी उघडतात. डोळे उघडले, खाचा पिवळ्या पडल्या, की तोडायचं. नाही तोडलं तर ते झाडावरच उकलतं.

हे आक्कानं त्याला सांगितलं नाही. कशाला सांगेल? तांबेवाडीत हे न कळणारं माणूस नाही.

“लहानपणी वर्षाचं पहिलं सीताफळ कुठं खायचास रे?”

त्यानं पाटीतलं एक फळ उचललं, परत ठेवलं.

“...काकूच्या बरडावर. आम्ही पोरं दगड मारायचो. ती शिव्या द्यायची, आन् मग स्वतःच काढून द्यायची.”

“हं.”

“पण मग सांगायचं होतं तिनं!” बंकट एकदम उसळला. कोंडीत धरलेला माणूस उसळतोच. “माझ्याकडं यायचं. म्हणायचं, बंकट, माझं आधी येतंय, काय करू? मी काय राक्षस हाय? काढला असता मार्ग. पण न्हाई! चोरून विकायचं, आन्—”

दारात सावली पडली.

हौसाकाकू उभी होती. फडक्यात बांधलेली भाकरी हातात. बंकटला बघून ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

“अगं बाई, अध्यक्ष इथं?” ती म्हणाली. “आक्का, मी इथूनच वाढते. उगं माझं वारं लागायचं आन् ह्यांचा गट बाटायचा.”

“आत ये,” आक्का म्हणाली.

काकू आत आली. बंकटपासून लांब, भिंतीला धरून बसली. वाळीत टाकलेलं माणूस दोन-चार दिवसांत भिंत धरायला शिकतं. ते शिकवावं लागत नाही.

“काकू,” बंकट म्हणाला. गावाच्या ठरावानंतर तिच्याशी बोललेला हा पहिलाच शब्द, आणि तोही अध्यक्षाचा. “सांगायचंस तरी मला.”

“आले होते की.”

“कधी?”

“देवळापुढं सभा भरली तवाच. तू खुर्चीवर उभा राहून बोलत होतास. मी हात वर केला. तू म्हणलास, काकू, बायांनी शेवटी बोलावं. मी म्हणलं बरं. शेवटी टाळ्या झाल्या. मग चहा झाला. मग माणसं घरला गेली.” काकूनं पदर सावरला. “माझी बारी कवा आली ती मला काय दिसली न्हाई बाबा. चहासुद्धा मिळाला न्हाई.”

बंकट तिच्याकडं बघत राहिला. त्याला ते आठवत होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. वर केलेला एक हात, बांगड्या घसरलेल्या, आणि आपलंच म्हणणं: शेवटी.

“पाखरांनी खाल्लं असतं तर तुझा भाव चढला असता का?” काकूनं विचारलं. भांडत नव्हती ती. खरंच विचारत होती. “तसं असतं तर सांग. म्हणजे पुढल्या साली मी झाडावरच ठेवीन. ह्या वयात मला काय लागतं?”

“...न्हाई. न्हाई चढला असता.”

“मग झालं.”

“राहिलीत का अजून झाडावर?”

“निम्मी हायत. उकलायलीत. पाखरं लई खूश हायत माझ्यावर. गावात तेवढीच बोलत्यात माझ्याशी.”

बंकटचा हात खिशाकडं गेला. किल्ली वाजली. मग हात तिथंच थांबला.

“आक्का,” तो म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात पुढारी नव्हता. “मी सगळ्यांपुढं बोललोय. उद्या मीच माझा शब्द मोडला तर पुढल्या साली कुणी माझं ऐकंल? गाव पुन्हा एक व्हायचं न्हाई. त्यो व्यापारी पुन्हा येईल, पाय पसरून बसंल, आन् आम्ही पुन्हा एकेकटे बांधावर उभे राहू. ह्या काकूलाबी त्योच लुबाडंल. मी सगळ्यांसाठीच करतोय ना? सांगा. मी चुकलो, कबूल. पण एकीचं म्हणणं चुकीचं हाय का?”

“नाही. चांगलं आहे.”

“मग मी काय करू?”

आक्कानं काकूच्या हातातलं फडकं घेतलं.

तिनं फडक्याची गाठ सोडली. भाकरी, वर कारळाची चटणी, एक कांदा. भाकरी तव्यावरची ऊन होती अजून. आक्कानं ती मोडली. अर्धी आपल्यापुढं ठेवली. अर्धीवर चटणी घातली आणि बंकटच्या हातावर ठेवली.

“सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस.”

खाल्लं नव्हतं त्यानं. रागानं निघाला होता, बायको न्याहारी घेऊन मागं आली होती, त्यानं मागं वळून बघितलं नव्हतं.

हौसाकाकूनं तोंड फिरवलं. दाराबाहेर बघत राहिली. आपल्या हातची भाकरी कुणी घेतो की खाली ठेवतो, हे बघणं तिला नको होतं. गेले काही दिवस तिनं ते पुरेसं बघितलं होतं. किराणावाल्यानं तिचे पैसे हातात घेतले नाहीत, फळीवर ठेवायला लावले. शेजारच्या सुनेनं ताकाचा तांब्या परत पाठवला. धुतलेलासुद्धा नव्हता तो. तिनं दिलेलं ताक तसंच आत होतं.

बंकटनं भाकरीकडं बघितलं. आक्का जेवायला लागली होती. शांतपणे, बारीक घास करून, दात नसलेल्या माणसासारखं.

त्यानं तुकडा मोडला. चटणीत बुडवला. तोंडापर्यंत नेला, आणि हात थांबला.

“आक्का... हे खाल्लं तर माझ्याच ठरावानं मीबी वाळीत जाईन.”

आक्कानं तोंडातला घास चावून संपवला.

“जा की. तिला सोबत होईल.”