राहीच्या फळीची कहाणी

ऐक, चिंधीआई, तुझी कहाणी. फार लहानपणी ऐकलेली. नगराचं नाव आठवत नाही, घरं पाच की सात याचीही खात्री नाही. चुकेल तिथं तू सावरून घे.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं मोच्यांच्या आळीत राही नावाची गरीब बाई होती. नवरा परगावी मजुरीला, घरात सासू. राहीची दोन मुलं पाळण्यातच गेली. मग तिसरी मुलगी झाली. सासू चिंधीआईला नवस बोलली: पाच घरच्या जुन्या कापडाची गोधडी सून बारशाच्या आत शिवील, लेकीला तिच्यात निजवील. कापड कापायचं, फाडायचं नाही. फाडतात ते मेलेल्याचं.

सासूनं चिंध्या मागून आणल्या. घरात कात्री नव्हती. शेजारच्या ठकू मोचिणीनं चामडं कापायची रापी दिली. म्हणाली, "धार माझी. खाली काय घेतेस, ते तुझं तू बघ गं." राहीनं ते मनावर घेतलं नाही. गोधडी तिनं जन्मात शिवली नव्हती.

मग काय केलं? कापडाची चळत सारवलेल्या जमिनीवर ठेवली, रापी दाबली. सारवणाचा पोपडा उठला, कापडात माती शिरली. मग पाट्यावर ठेवली. धार दगडावर किरकिरली, बोथट झाली. ठकूनं पुन्हा लावून दिली. मग राही सासूला म्हणाली, "आत्याबाई, जेवायचा पाट घेऊ का?"

"अन्नाच्या जागेवर धार चालवतेस? दोन गेली ती पुरेत की!"

राहीनं पाट ठेवून दिला. परात पालथी घातली, तिच्यावर चळत ठेवली. परात डुगडुगली, रापी निसटली, डाव्या तळहातात खोल शिरली.

हात सुजला. दहावा दिवस उजाडला. मग राहीनं कापड दातांत धरलं, उजव्या हातानं ओढलं. एकदा फाडलं, दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा फाडताना सासू दारात उभी. ती आल्या पावली मागं फिरली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं राहीला वाटलं.

अकराव्या दिवशी लेकीला ताप भरला. बाराव्या दिवशी ती गेली. नाव ठेवायचं राहून गेलं.

राही जेवेना, उठेना. "मी फाडलं, म्हणून गेली," एवढंच म्हणे.

मग एक म्हातारी आली. अंगावर साऱ्या चिंध्या. म्हणाली, "बाई, उरलेलं कापड कापत का नाहीस?"

"कुणासाठी कापू, आजी?"

"ठकूला सातवा महिना आहे."

"माझ्या हातचं तिच्या लेकराला नको."

"कापड मागितलंस, धार मागितलीस. धारेखाली काय घालायचं, हे कुणाला विचारलंस?"

"मला कुणी शिकवलं नाही."

"मग आता ऐक. सुताराच्या दारात पांगाऱ्याच्या फळीचे तुकडे पडतात, जळणाला जातात. त्यातला एक माग. दोन वीत रुंद, सपाट, रंग न दिलेला. लाकूड मऊ, धार त्यात रुतते, घसरत नाही. फळीखाली ओलं फडकं घाल, म्हणजे ती हलायची नाही. चळत पातळ ठेव. बोटं धारेच्या वाटेत नको, मूल हाताच्या टप्प्यात नको."

"यानं माझी लेक परत येईल?"

"नाही येणार," म्हातारी म्हणाली, आणि उठून गेली.

मग राहीनं फळी मागून आणली, ओलं फडकं घातलं. एक चौकोन कापला, रडली. दुसरा कापला, रडली. तिसरा सरळ आला, तरी रडली. गोधडी ठकूच्या मुलाला गेली. फळी घरोघरच्या बाळंतिणींकडे फिरली, तिच्यावर कुणाचा हात कापला नाही. राहीला पुन्हा मूल झालं नाही.

चिंधीआई, त्या बाळंतिणींचे हात राखलेस, तसे ऐकणाऱ्यांचे राख. राहीचं दुःख मात्र कुणाच्या दारी धाडू नकोस. साठ बोलांची कहाणी, पाच बोलांत सुफळ झाली.

पुष्कळ वर्षांनी, केस पिकल्यावर, राहीनं सुईणीला विचारून एक खात्री करून घेतली. त्या पंधरवड्यात आळीतली अकरा तान्ही मुलं तापानं गेली होती. बाळंतिणीच्या कानावर तेव्हा कुणी हे घातलं नव्हतं, आणि पुढं राहीसमोर मुलांचा विषयच कुणी काढला नव्हता. त्या अकरांपैकी बाकीच्या दहा घरांत कुणीही कापड फाडलं नव्हतं.