मधले दार

एका बाजारपेठेच्या गावात हरबाशेट नावाचा एक व्यापारी होता. घर एकच, पण त्याच्या दोन दारांवर दोन पाट्या होत्या: पूर्वेला 'श्रीकृपा पेढी', पश्चिमेला 'शुभलाभ पेढी'. श्रीकृपेच्या नावाने करार करून त्याने येसू पाथरवटाकडून पश्चिमेच्या अंगणात विहीर बांधून घेतली. पाणी गोड लागले. येसूने मजुरी मागताच श्रीकृपेने दिवाळे काढले.

मजुरांना पोसण्यासाठी येसूने आपले घण आणि पहारी गहाण टाकल्या होत्या. त्या सुटल्या नाहीत तर पुढचे काम हाती येणार नव्हते. तो न्यायाधीश मथुराबाईंकडे गेला. बाई कोणाच्या आसवांवर निकाल देत नसत, आणि कोणाच्या पाटीवरही नाही.

"करार श्रीकृपेशी झाला, बाईसाहेब. तिच्याकडे आता फुटका पोहराही नाही," हरबाशेट म्हणाला. "विहीर शुभलाभची. शुभलाभने याला बोलावले होते का, विचारा."

"नव्हते बोलावले," येसू म्हणाला. "पण पाणी शेंदताना कोणी नकोही म्हटले नाही."

मथुराबाई विचारात पडल्या. दोन पेढ्या काढणे हा अपराध नव्हे. एकीच्या बुडण्याने दुसरीला बुडवू नये, हा नियम त्यांनीच अनेकदा लावला होता. म्हणून त्यांनी तो मोडला नाही. तंतोतंत पाळायला लावला.

"शेट, तुमची चूल कुठे?"

"पूर्वेला."

"म्हणजे श्रीकृपेत. मग दोन्ही पेढ्यांना जोडणारे घरातले मधले दार दगडांनी बुजवा. निकाल लागेपर्यंत पूर्वेच्या घरातल्या कोणी पश्चिमेच्या पाण्याला शिवायचे नाही. वेगळ्या त्या वेगळ्या."

उन्हाळा होता. नदी आटली होती. शेजारी घागरभर पाणी देत आणि सोबत विचारत, "शेट, शुभलाभशेट तुम्हांला ओळखत नाहीत का?"

पुढचा बाजार भरण्याआधीच हरबाशेट न्यायासनासमोर उभा राहिला. "दार उघडू द्या, बाईसाहेब. चूल माझीच, विहीरही माझीच. माणूस असा मधोमध चिरता येतो का?"

"नाही येत," मथुराबाई शांतपणे म्हणाल्या. "हे तुमच्या तोंडून ऐकायचे होते. येसूने विहीर दान दिलेली नाही. पाणी पिणारे तुम्ही, मजुरी देणारेही तुम्हीच."

येसूची हत्यारे सुटली. त्या हत्यारांनी केलेले पहिले काम म्हणजे हरबाशेटचे बुजवलेले दार फोडणे. त्याची मजुरी मात्र येसूने आगाऊ घेतली.

तात्पर्य: लाभ घेताना एक आणि देणे फेडताना दोन, असे कोणालाही होता येत नाही; पाणी ज्याच्या घशाखाली उतरले, विहिरीचे ऋण त्याचेच.