बुजलेले सोमसूत्र

एकदा एक वृद्ध स्थपती आपल्या शिष्यासह कंबुज देशात गेले. तिथल्या भव्य मंदिरांची कीर्ती दूरवर पसरली होती. पण गुरुजींनी तिकडे पाठ फिरवली आणि भातखाचरांपलीकडची, कुणी विचारत नाही अशी पडकी देवळे मोजण्याचे मनावर घेतले. "थोरामोठ्यांकडे सगळेच जातात," एवढेच ते म्हणाले.

शिष्य मापात पक्का होता, पण त्याचा अर्धा जीव घरी होता. निघताना पत्नीला चौथा महिना होता. आता नववा लागला असेल. तिची सुटका सुखरूप व्हावी म्हणून त्याने नवस बोलला होता: वाटेत भेटेल त्या प्रत्येक शिवालयाला तीन प्रदक्षिणा, त्याही विधिपूर्वक. म्हणजे अभिषेकाचे पाणी जिथून बाहेर पडते ते सोमसूत्र ओलांडायचे नाही. तिथवर जायचे आणि आल्या वाटेने परत फिरायचे.

एका देवळाची उत्तरेची, म्हणजे सोमसूत्र असते तीच बाजू पार ढासळली होती. सोमसूत्र केव्हाच नाहीसे झाले असणार, असे धरून शिष्याने तीन पूर्ण फेऱ्या मारल्या. दुपारी माप घेण्यासाठी पाचोळा सारला, तर खाली मकरमुखी दगडी पन्हळ जशीच्या तशी. तिच्यावरून तो तीनदा गेला होता.

दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. पत्नीचे काही बरेवाईट झाले तर ते माझ्या या पायांमुळे, हा एकच विचार. शेजारच्या शेतातली म्हातारी दोघांना रोज भात आणून देई. न शिवलेले ताट पाहून तिने कारण विचारले. गुरुजींनी तिच्या भाषेत सांगितले, तशी ती बोळक्या तोंडाने हसली.

"माझी बदकं दिवसातून दहादा जातात त्यावरून. अंडी तर वेळेवर देतात."

शिष्याला काही हसू आले नाही. "गुरुजी, मला प्रायश्चित्त सांगा," तो म्हणाला.

गुरुजींनी पिण्याच्या पाण्याची घागर उचलली. विहीर अर्धा कोस लांब, आणि घागर ती एवढीच. ते दगडांच्या ढिगाऱ्यावरून गाभाऱ्यात गेले आणि रिकाम्या पीठावर त्यांनी ती सगळी उपडी केली.

"पन्हळीपाशी जा," ते आतून म्हणाले. "पाणी आलं की सांग."

शिष्य जाऊन बसला. पाणी येईना. भिंतीच्या सांध्यात ओल दिसली आणि तिथेच थबकली. तेव्हा तो कसलाही विचार न करता गुडघ्यावर बसला, बोटांनी चिखल उकरू लागला, मुळ्या ओढून काढू लागला. एक नख तुटले. मग आधी गढूळ, मग निवळ अशी बारीक धार मकराच्या मुखातून पडली. शिष्याने चटकन पाय मागे घेतला.

"आलं," तो म्हणाला.

गुरुजी खाली उतरले. "पाय का मागे घेतलास?"

"पाणी आलं म्हणून."

"बाबा रे, त्या नियमाला पाण्याची काळजी आहे, दगडाची नाही. वाहत्या तीर्थावर कुणाचा पाय पडू नये, एवढंच त्याचं म्हणणं. परवा इथे तीर्थ नव्हतं. तू ओलांडलास तो पाचोळा. आणि तीर्थ आलं तेव्हा तुला कुणी सांगावं लागलं नाही. आणखी एक. घरी जी कळा सोसणार आहे, तिचं बरंवाईट तुझ्या पायाला बांधू नकोस. एवढा मोठा तुझा पाय नाही."

शिष्याला रडू आले आणि त्यातच हसूही फुटले. छातीवरचे ओझे उतरले होते. त्याने दोन दिवसांची भूक एका ताटात भागवली. म्हातारीने आणखी वाढले, तेही संपवले. मग पाणी आणायला तो आपण होऊन विहिरीकडे निघाला. मागे बदके पन्हळीखाली जमली होती.

तो घरी पोहोचला तेव्हा त्याची मुलगी रांगत होती. न्हाणीचे पाणी परसात नेणाऱ्या पाटातच तिने बसकण मारली होती आणि पाणी तिच्यामागे तुंबले होते.

"आधी तिला उचला, मग बाकीचं," दारातून पत्नी म्हणाली.

त्याने मुलीला उचलून कडेवर घेतले. पाणी पुढे वाहू लागले. त्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि तो पाट ओलांडून घरात गेला.