सर्वांत आधी भरणारा सेल

यंत्रे आपसांत बोलत असत, त्या काळात एका विजेच्या सायकलच्या बॅटरीत काही सेल ओळीने राहत होते. त्यांचा नियम असा की एकाने जरी ‘भरलो’ म्हटले, तरी चार्जरने सगळ्यांचेच चार्जिंग थांबवायचे.

रोज पहिला आवाज कोपऱ्यातल्या जुन्या सेलचा, म्हणजे आबांचा येई. “आबा, या वयात हा वेग,” असे अर्धपोटी सेल कौतुकाने म्हणत, आणि भूक लागली की चार्जरला नावे ठेवत.

एके दिवशी सायकल चढावर बंद पडली. नर्स यमुनाबाईंना ती ढकलत न्यावी लागली आणि रोग्याला औषध उशिरा पोचले. “मेकॅनिकला एकदा दाखवते,” त्या म्हणाल्या, “नाहीतर अख्खी बॅटरी भंगारात.”

मेकॅनिकच्या मीटरने सेलना विचारले, “तुमच्यात आधी कोण भरतं?”

“आमचे आबा,” सगळे अभिमानाने म्हणाले.

“आणि आधी रिकामं कोण होतं?”

हा प्रश्न सभ्य मंडळींत कुणी विचारत नसे.

“तोही मीच,” आबा म्हणाले. “माझ्यात आता वाटीभरच मावतं. त्याला तुम्ही वेग म्हणालात, आणि मला ते ऐकायला बरं वाटलं. मीटरदादा, या पोरांना भंगारात घालू नका. मला काढा.”

आबांच्या जागी नवा सेल आला. त्या दिवशी चार्जिंग बराच वेळ चालले. “हा नवा फारच मंद...” असे एक सेल म्हणू लागला, आणि कोपऱ्याकडे पाहून थांबला.