चिमाक्काचं मातीचं नाक

नद्यांना पूल नव्हते आणि घरोघरी आरसे नव्हते, त्या काळात आवेवाडीला चिमाक्का नावाची कुंभारीण राहत होती. तिचा नवरा मडकी करी. चिमाक्का नाकं करी.

त्या दिवसांत तलवारी फार आणि अक्कल बेताची, त्यामुळे नाक गमावलेली माणसं मुबलक मिळत. चिमाक्का त्यांच्या कपाळाची कातडी सोडवून खाली वळवी आणि तिचंच नाक घडवी. ती कपाळावर ओला हात ठेवी आणि दुखणं वाट चुकून शेजारच्या गावात जाई, असं म्हणतात. शेजारचं गाव याबद्दल अजून नाराज आहे.

कापलेलं नाक ती लगेच हाती घेई. धडधाकट नाक बदलून मागणाऱ्याला मात्र आधी मातीचं नाक मिळे. हवं तसं नाक पातळ मातीचं घडवून, आव्यात भाजून, डिंकानं चेहऱ्यावर बसवून ती सांगे, "पुढच्या बाजारापर्यंत हे घालून हिंड. मग बोलू." पुष्कळ लोक पुन्हा बोलायला येतच नसत.

एकदा दौलतराव पाटील आपल्या मुलीला, मैनेला, घेऊन आले. मैनेचं लग्न ठरलं होतं आणि नथीपाशी अडलं होतं. होणाऱ्या सासूची, तुळसाबाईंची नथ पिढीजात आणि वजनदार. मैनेचं नाक बसकं, शिवाय लहानपणी झाडावरून पडल्यानं एका अंगाला कललेलं. नथ त्यावर तिरपी लोंबे. नाक सरळ करून आणा, नाहीतर मुलगी घरीच ठेवा, असा तुळसाबाईंचा निरोप होता. नथ बदलावी, हे कोणाला सुचलं नाही. नथ सोन्याची होती, नाक नुसतं मैनेचं.

"कसं नाक हवं, पोरी?" चिमाक्कानं विचारलं.

"सरळ. चाफेकळीसारखं," पाटील म्हणाले.

"श्वास कसा येतो?"

"उत्तम येतो," पाटीलच म्हणाले.

"तुमच्या नाकाचं नंतर बघू, पाटील. मी हिला विचारतेय."

मैनेनं वडिलांकडे बघितलं. चिमाक्कानं चाफेकळी घडवली आणि तिच्या चेहऱ्यावर बसवली.

ते नाक बघून तुळसाबाई खूश झाल्या, पाटील खूश झाले. गोठ्यातली म्हैस मात्र मैनेच्याच हातची वाढलेली. तिनं मैनेकडे निरखून बघितलं आणि पान्हा चोरला. मैनेनं गोंजारलं, नावानं हाक मारली. म्हैस वसुलीला आलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. पुढचा बाजार येईपर्यंत पाटलांच्या वाड्यावर कोरा काढा पिऊन दिवस काढले, असं म्हणतात. रिकामी चरवी घेऊन गोठ्यात बसलेल्या मैनेला विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

बाजाराच्या दिवशी ती एकटी आली. मातीचं नाक तिच्या हातात होतं.

"अक्का, हे नको. माझं रूप मला राहू दे. पण पडल्यापासून डावी नाकपुडी बंदच आहे. झोपेत तोंडानं श्वास घेते, उठते तेव्हा घशाला कोरड. तेवढं होईल का?"

"होईल. आणि लग्न मोडलं तर?"

"मोडू दे. श्वास मला घ्यायचाय."

"आता बोललीस. तर ऐक. वाट मोकळी करीन, कललेलं थोडं सरळ होईल. पण आरशात दुसरीच कोणी दिसेल, असं वचन देत नाही. डोळ्यांखाली काळंनिळं होईल. नाक सुजेल. बरीच सूज लवकर उतरेल, राहिलेली पुढच्या सुगीपर्यंत रेंगाळेल. एखाद्या वेळी पुन्हा हात घालावा लागतो, तेही आत्ताच सांगते. आणि आजपासून मशेरी बंद."

"मशेरी?" मैना पहिल्यांदाच घाबरली.

"तंबाखूनं जखम भरत नाही. आधी महिनाभर सोड, मग ये."

मैनेनं मशेरी सोडली. तो महिना घरच्यांना फार जड गेला. मग चिमाक्कानं नाकाची वाट मोकळी केली. पट्ट्या निघाल्या त्याच दिवशी तुळसाबाई घाईघाईनं बघायला आल्या.

"अगं बाई, हे तर होतं त्याहून मोठं झालं."

"आव्यातून काढलेल्या तापल्या मडक्यात पाणी ओतता का, विहीणबाई?" चिमाक्का म्हणाली. "निवू द्या."

"आणि आमची नथ?"

"ती सोनाराकडे न्या. तिला दुखायचं नाही."

"पिढीजात नथ आहे ती."

"नाकही पिढीजातच आहे," मैना म्हणाली.

तुळसाबाई तडक निघून गेल्या. पाटलांनी डोक्याला हात लावला. सुगीपर्यंत तिकडून निरोप आला नाही. सुगी आली तेव्हा मैनेचा श्वास इतका मोकळा झाला होता, की तुळसाबाईंची भाकरी करपल्याचं तिला नदीपलीकडून कळे, असं म्हणतात. ती भाकरी रोज करपे, असंही म्हणतात.

अखेर तुळसाबाई स्वतः आल्या. पंचक्रोशीतल्या कुठल्याच नाकाला ती नथ पेलली नव्हती. त्यांनी सोनाराकडून तार वाकवून आणली होती. मैनेच्या नाकावर नथ सरळ बसली आणि लग्न लागलं.

आजही आवेवाडीत लग्न ठरलं, की नवरीला समोर बसवून सोनार नथीची तार वाकवतो. नाकाला कोणी हात लावत नाही. शहरात जाऊन नाक बदलून घ्यायचं ज्याच्या मनात असेल, त्याला गाव आधी चिमाक्काच्या ओट्यावरचं मातीचं नाक लावायला देतं. श्वास कसा येतो, हे त्याचं त्यालाच विचारतात, आणि घरच्यांना तेवढा वेळ बाहेर बसवतात. काहीजण नाक परत ओट्यावर ठेवून घरी जातात, काहीजण डॉक्टरकडे जातात. गावाची दोन्हीला हरकत नसते. फक्त डॉक्टरकडे जाण्यापूर्वी त्याला ते मातीचं नाक लावूनच घरच्या म्हशीखाली बसवून एकदा धार काढायला लावतात.