आधी नाव, मग पाणी

पूर्वी शंखवती नगरीत राजा सुबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व पूर्णभद्र नावाचा व्यापारी होऊन बैलगाड्यांचे तांडे देशोदेशी नेत असे. नगराबाहेरच्या उजाड माळावर वाटसरू तहानेने मरत. म्हणून त्याने इतर व्यापाऱ्यांना जमवून तिथे विहीर खोदली आणि पाणपोई घातली. तिच्यातून कुणी काही कमवायचे नाही आणि तिचा मालक कुणीच नाही, असे सर्वांनी ठरवले. मग कारभार सोमिल नावाच्या माणसाकडे सोपवून बोधिसत्त्व दूरदेशी गेला.

सोमिल चोर नव्हता, हे खरे. पण त्याने रांजणाशेजारी दात्यांच्या नावांची शिळा उभी केली आणि रिवाज पाडला, की आधी सगळी नावे घ्यायची, मगच ओंजळ धरायची. आता सांगा, जीभ टाळूला चिकटलेल्या माणसाने नावे घ्यायची तरी कशी? पण सोमिलाला हे सांगणार कोण! तो पाणी वाढायचे ओगराळे हातात धरून लोकांच्या चुका काढीत बसे.

बोधिसत्त्व परतला तेव्हा ऊन रणरणत होते. रांजणासमोर नंदिला नावाची कुंभारीण म्हाताऱ्या बापाचे डोके मांडीवर घेऊन बसली होती.

"अहो, मी म्हणते ना नावं! बाबांना पाणी द्या!" ती रडत होती.

"ज्याला प्यायचंय त्यानंच म्हणायचं," सोमिल म्हणाला. "रिवाज म्हणजे रिवाज."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. "पूर्ण... पूर्ण..." पुढे आवाजच फुटेना.

आपलेच नाव ते! बोधिसत्त्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने ओगराळे हिसकावून घेतले आणि म्हाताऱ्याला घोटघोट पाणी पाजू लागला.

"माझ्या नावानं माणसं मारतोस?" तो सोमिलावर गरजला. "लाज नाही वाटत?"

"धनी, नावं घेतली नाहीत तर दाते हात आखडता घेतील. पाणपोई बंद पडेल."

"अरे, तहानलेला जिथे पाण्यावाचून तडफडतो, ती पाणपोई बंदच आहे की! इथे आपलं काही नाही. ना विहीर, ना पुण्य!"

एवढ्यात म्हाताऱ्याला थोडे त्राण आले आणि तो भीतीने पुन्हा नाव घेऊ लागला. बोधिसत्त्वाचे डोळे भरले.

"बोलू नका, बाबा. आधी प्या."

ती शिळा त्याने पालथी घालून विहिरीच्या काठी बैलांच्या पायाखाली टाकली. दाते रुसले, पण तो स्वतः रहाट ओढू लागला. पाणी प्यालेले वाटसरू जाण्याआधी मागून येणाऱ्यांसाठी घागर भरून ठेवू लागले. लागणाऱ्या घागरी नंदिला स्वतः घडवून देई. पाणपोई काही बंद पडली नाही.

एवढे सांगून शास्त्याने, म्हणजे भगवंताने, विहारात जमलेल्या भिक्षूंकडे पाहिले. "तेव्हाची नंदिला म्हणजे विहारात औषध आणून देणारी उपासिका. म्हातारा म्हणजे पलीकडच्या कोपऱ्यात तापाने फणफणलेला तिष्य. पूर्णभद्र तो मीच. आणि त्या तिष्याला औषधाआधी दात्यांची स्तुती म्हणायला लावणारा सोमिल आज तुमच्यातच मान खाली घालून बसला आहे. त्याचे नाव मी घेत नाही. ही दानपारमिता, दानाची परिपूर्णता. आता उठा, आणि आधी तिष्याला औषध द्या."