बिनचिठ्ठीची फाइल

नगरपालिकेत रेकॉर्ड सांभाळणाऱ्या शेवाळेबाईंनी नियम केला: कपाटातून फाइल नेणाऱ्याने तिच्या जागी आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची. सगळे निमूटपणे ठेवू लागले. मुख्याधिकारी दिघावकरांना मात्र खुर्चीची मस्ती. "चिठ्ठ्या कारकुनांनी ठेवाव्यात. मी साहेब आहे!"

पुढच्याच महिन्यात जिल्ह्याहून तपासणी आली आणि नेमकी पाणीयोजनेची फाइल सापडेना. तपासणी अधिकाऱ्यांसमोर दिघावकर कडाडले, "बाई, फाइल हरवलीत! आता घरी बसायची तयारी करा."

बाईंनी कपाटातली रिकामी जागा पाहिली.

"हरवली नाही, साहेब. तुमच्या टेबलावर आहे."

"कशावरून? माझी चिठ्ठी आहे का तिथे?"

"नाही ना, म्हणूनच म्हणते. या ऑफिसात चिठ्ठी न ठेवणारा माणूस एकच आहे."

तपासणी अधिकाऱ्यांनी केबिनमध्ये जाऊन साहेबांचा कप उचलला. खालच्या फाइलवर महिनाभराच्या चहाचे गोल डाग होते.